पन्नास गुंठ्यांचा खेळ

हॉकीची काठी ही वस्तू पुण्याच्या बुधवार पेठेतील सुशिक्षित गृहस्थास मुख्यत्वेकरून पंचनाम्यातून परिचित असते. सकाळच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'एक कोयता, सायकलची साखळी, लोखंडी गज व हॉकी स्टिक असा मुद्देमाल जप्त करण्यात आला' अशा मजकुरात ती त्याला वरचेवर भेटते. आणि ज्या अर्थी ती नेहमी कोयत्याच्या व साखळीच्या संगतीत आढळते, त्या अर्थी तिचा एखाद्या खेळाशी संबंध असावा अशी शंका त्याच्या मनास सहसा शिवत नाही. मुद्देमालाच्या अशा यादीत आजवर एकदाही चेंडूची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही, ही गोष्ट या बाबतीत पुरेशी बोलकी आहे.

परंतु हॉकी हा चर्चेचा विषय म्हणून त्याच्यासमोर ठेवावा, म्हणजे हाच गृहस्थ असा काही प्रफुल्लित होतो की, ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहणे सोडून द्यावे हे उत्तम. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी निघालेला आपला संघ जाता जाता मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरला, त्यामुळे 'कैसर-इ-हिंद' बोटीवर त्याला निरोप देण्यास अवघी तीन माणसे आली, आणि पुढे त्याच संघाने स्वतःवर एकही गोल होऊ न देता एकोणतीस गोल चढवून सुवर्णपदक आणले तेव्हा त्याच बंदरावर पाय ठेवायला जागा उरली नाही, ही हकीकत तो अशा काही सलगीने सांगतो की, त्या तिघांपैकी एक त्याचे आजोबा असावेत असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन येथे ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीस ८-१ असे नमविले, हे सांगताना तो तारखेवर विशेष जोर देतो. इंग्रजांनी पुढे आपल्या स्वातंत्र्याचा मुहूर्त त्या सामन्यावरूनच काढला, अशी त्याची जवळजवळ खात्री असते. यानंतर १९७५ साली क्वालालंपूरचा विश्वचषक येतो, आणि लगेच १९७६ साल येते, ज्या साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. इथपासून पुढे मात्र हकीकत संपते आणि मीमांसा सुरू होते, व ती दिवे लागेपर्यंत चालते.

हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ होय, या वाक्याने या मीमांसेचा उपोद्घात होतो. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराखाली या बाबतीत विचारणा केली असता, कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही असे उत्तर केंद्र सरकारच्या दफ्तरातून तिला मिळाले. ते उत्तर बुधवार पेठेत येऊन पोहोचल्याला बरीच वर्षे लोटली. पेठेने ते अद्याप दाखल करून घेतलेले नाही.

वास्तविक या स्थितीचा दोष पेठेवर ठेवणे अन्यायाचे होईल, कारण पेठेत मैदान नाही. पासोड्या विठोबापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत आणि तांबड्या जोगेश्वरीपासून तुळशीबागेपर्यंत अशी एकही जागा नाही की जेथे टोलावलेला चेंडू एखाद्या पोळपाट-लाटण्याच्या दुकानात, क्रमिक पुस्तकांच्या ढिगाऱ्यात किंवा देवदर्शनास निघालेल्या भाविकाच्या पायात जाऊन थांबणार नाही. हॉकीचे मैदान शंभर यार्ड लांब आणि साठ यार्ड रुंद असते. जमिनीच्या हिशेबात मांडावयाचे तर ते सुमारे सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे भरते. बुधवार पेठेत पन्नास गुंठे मोकळे निघालेच, तर त्यांवर हॉकीच्या आधी दिवाणी दावा सुरू होईल आणि त्याच्या मध्यंतरापर्यंतच दोन पिढ्या खर्ची पडतील. शहाजीराजांच्या जहागिरीतील उजाड पुण्यात जिजाबाईंनी बालशिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरविला आणि वसाहतीस आरंभ झाला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या मंगल प्रसंगापासून पुढे या शहराच्या पेठांनी नांगराशी संबंध ठेवला नाही. सोन्याशी मात्र अव्याहत ठेवला, याची साक्ष लक्ष्मी रस्त्यावरील कोणतीही पेढी देईल.

आणि मैदान नसले म्हणून क्रीडाक्षेत्रात पुण्याने काहीच केले नाही, असे कोण म्हणेल? नियम करणे हा पुण्याचा अस्सल मैदानी खेळ असून त्यात आमचा हात धरणारा अद्याप निपजावयाचा आहे. खेड्यापाड्यांतून पोरे शेकडो वर्षे मनास येईल तशी खो-खो खेळत होती. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने तिला नियमावलीत बसविले, आणि तेव्हापासून खेळाडू बाद झाला की नाही यावर वाद घालण्याची शास्त्रशुद्ध सोय झाली. बॅडमिंटनचे आरंभीचे नियमदेखील १८७० नंतरच्या दशकात याच गावी, छावणीतील गोऱ्या अंमलदारांनी बांधले, आणि त्या खेळास काही काळ 'पूना' याच नावाने ओळखत असत. पाणी लागते म्हणतात ते असे.

याच डेक्कन जिमखान्याची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींस अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा हजर असता त्यांना असे दिसून आले की, धावणारी बहुतेक मुले शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली आणि पायात वहाण नसलेली असूनही त्यांच्या वेळा युरोपातील खेळाडूंच्या वेळांच्या जवळपास येत आहेत. तेव्हा त्यांच्या मनात आपली मुले ऑलिंपिकला पाठवावीत असा विचार येऊन त्यांनी जिमखान्याच्या एका वजनदार सभासदास पृच्छा केली की, तेथे शंभर मीटरच्या शर्यतीत निभाव लागण्यास साधारण किती वेळात धावावे लागते. सभासद महाशयांनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, एक ते दोन मिनिटे! हा मिनिटांचा प्रश्न नसून सेकंदाच्या दशांशांचा आहे, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले, असे टाटांनी पुढे पत्रातून लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी या देशाचे खेळाडू अँटवर्पला रवाना झाले. सभासद कोण होते याचा उल्लेख नसला, तरी ते नदीच्या कोणत्या बाजूस राहात असतील याविषयी माझे एक अनुमान आहे, आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध लक्षात घेऊन मी ते प्रकट करीत नाही.

हॉकी पुण्यात नाही असे नव्हे. ती खडकीस आहे, आणि खडकी पेठेपासून दीड-दोन कोसांच्या आत आहे. तथापि मध्ये नदी असल्यामुळे पेठेच्या दृष्टीने तो परमुलूख ठरतो. तेथील दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत १९६८ साली जन्मलेला धनराज पिल्ले मोडक्या काठ्या सुतळीने बांधून आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर हात बसवून जो खेळाडू झाला, तो चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळूनच थांबला. १९९८ साली त्याच्या नेतृत्वाखाली बँकॉकचे आशियाई सुवर्णपदक आले तेव्हा पेठेने त्याला 'आपला पुण्याचा' म्हणून तत्काळ दाखल करून घेतले. या कामी कोणतीही माहिती मागविण्याची गरज भासली नाही.

पण मला सांगावयाचे आहे ते खडकीविषयी नव्हे, फलटणविषयी. वीर धरणाचे पाणी निरेच्या उजव्या कालव्यातून ज्या मुलखात उतरते, आणि आषाढीस निघालेली ज्ञानोबांची पालखी आमच्या लक्ष्मी रस्त्यावरून पुढे होऊन, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण करून ज्या मुलखातून जाते, तो हा उसाचा, डाळिंबाचा आणि पाण्याच्या पाळीवरून होणाऱ्या भांडणांचा तालुका. त्यातील आसू गावच्या शेतकरी घरातील वैष्णवी फाळके २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होती. वाखरीची अक्षता ढेकळे तिच्याप्रमाणेच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत पोहोचली. आणि सातारा जिल्ह्यातीलच ऋतुजा पिसाळही भारताकडून खेळली. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या संघयादीत या मुलींची नावे 'अक्षता आबासो', 'ऋतुजा दादासो' अशी बापाच्या नावासकट, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असतात तशी लिहिलेली असतात, आणि परदेशी समालोचक ती उच्चारताना जो घाम गाळतो तो पाहून सातारा जिल्ह्याच्या महसूल खात्यास धन्यता वाटावी. शेजारच्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाजीसाठी टोकियो ऑलिंपिकला गेला होता. एका तालुक्याने एवढे करून दाखविल्यावर तेथे निदान एक परिसंवाद व्हावयास हवा होता. तो झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या मुलखात आमचे मामेसासरे राहतात. त्यांची पाच एकर बागायत असून, एक नात शाळेत हॉकी खेळते. गेल्या वर्षी गणेशोत्सव तोंडावर आला असता ते तीन कामे घेऊन बुधवार पेठेत अवतीर्ण झाले: तपकीर गल्लीतून विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर घ्यावयाचा, अप्पा बळवंत चौकातून नातवाची दहावीची गाइडे घ्यावयाची, आणि नातीला हॉकी घ्यावयाची. पहिली दोन कामे, ज्यांसाठी ही पेठ उभ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, ती तासाभरात उरकली. तिसऱ्या कामास मी पुढाकार घेतला, कारण पेठेचा माहितगार म्हणून माझा लौकिक आमच्या सासुरवाडीत अबाधित राहावा अशी माझी इच्छा होती.

पहिल्या दुकानदाराने माझा प्रश्न ऐकून चष्म्यावरून आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "खेळायची, का ठेवायची?"

मला प्रश्नाचा रोख कळेना. तेव्हा त्याने उदार होऊन खुलासा केला की, गाडीत सीटखाली किंवा दुकानात गल्ल्यामागे ठेवायची असेल तर स्वस्तातली आहे, तिला चालते; खेळायची असेल तर मात्र मागवावी लागेल, तिला गिऱ्हाईक नसते. "ठेवायची नेणारे पुष्कळ असतात. खेळायची कोणी विचारत नाही हो," तो म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला त्यावरून, खेळण्यासाठी हॉकी नेणारा माणूसच अधिक संशयास्पद आहे असे त्याचे मत स्पष्ट दिसत होते.

दुकानामागून दुकान पालथे घालीत आम्ही शेवटी ज्या ठिकाणी पोहोचलो तेथे खेळायच्या काठ्या होत्या. मालक मोठ्या उत्साहाने जालंधरचा माल, मीरतचा माल, तुतीचे लाकूड, कार्बनचा अंश असे वर्णन करू लागला, आणि मीही मधूनमधून मान हलवून ते सर्व मला पूर्वीच ठाऊक असल्याचे दर्शवीत होतो. मामांनी मात्र कोणाचेच ऐकले नाही. त्यांनी एक काठी उचलली, एका बोटावर आडवी तोलून पाहिली, डोळा मिटून तिची सरळ रेघ तपासली, अंगठ्याने दांडा चाचपला, आणि खाली ठेवून दिली. मग दुसरी. कुऱ्हाडीचा दांडा निवडण्यात ज्याची हयात गेली त्याला जाहिरातीचा उपद्रव होत नाही.

"पोरगी डावरी हाय," तिसरी काठी हातात घेऊन ते म्हणाले. "डाव्या हाताची दावा."

मालकाने सांगितले की तशी काठी नसते. हॉकीची चापट बाजू ती एकच, डावीकडची. पाठीच्या गोल बाजूने चेंडूस स्पर्श झाला की पंच शिट्टी वाजवितो. आणि डावखुऱ्यांसाठी उलट बाजूची काठी नियमासच मंजूर नाही. ज्यांना खेळायचे त्यांनी उजव्या बाजूनेच खेळले पाहिजे. हा नियम ऐकताच माझ्यातील पेठ जागी झाली. व्यक्तिस्वातंत्र्य, अल्पसंख्याकांचे हक्क आणि आंतरराष्ट्रीय संघटनेची मनमानी या तीन मुद्द्यांवर मी तेथल्या तेथे एक छोटेखानी भाषण केले, व मालकही त्यात रस घेऊ लागला. मामा तोवर काठी जमिनीला टेकवून तिची उंची आपल्या कमरेशी ताडून पाहात होते.

"बैलावानीच हाय म्हना की," ते शेवटी म्हणाले. "उजवा त्यो उजवीकडंच जुपायचा. शिकंल ती." आणि त्यांनी कनवटीचे पैसे काढले. माझ्या भाषणाचा तिसरा मुद्दा तसाच राहिला.

ज्या घरगुती सभेत हॉकीचा इतिहास नित्य सांगितला जातो, त्या सभेस, म्हणजे आमच्या वाड्यातील ओट्यावर, मी त्यांना त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम नेले. हॉकी खेळणाऱ्या मुलीचे आजोबा आले आहेत, असे कळताच सभासदांस स्फुरण चढले. एका निवृत्त लेखापरीक्षकांनी १९७६ पासूनच्या ऱ्हासाचा ताळेबंद मांडला. दुसऱ्यांनी कृत्रिम गवत हे युरोपीय राष्ट्रांचे कारस्थान असल्याचे सप्रमाण सिद्ध केले. तिसऱ्यांनी क्रिकेटला दोष दिला, जो या ओट्यावर पावसालाही दिला जातो. एक तरुण सभासद तेवढा गैरहजर होता, कारण ढोलपथकाच्या सरावाचे दिवस होते आणि पेठेतील ज्या ज्या हातांना काठी पेलते ते सर्व त्या सुमारास ढोलाचे टिपरू धरण्यात गुंतलेले असतात. मामा आदराने ऐकत होते. कृत्रिम गवताचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी एकदाच तोंड उघडले.

"त्या पलास्टिकला म्याचच्या आदी पानी मारत्यात, खरं का?"

खरे आहे, असे लेखापरीक्षकांनी सांगितले; चेंडू वेगाने व सरळ जावा आणि पडणाऱ्याचे अंग सोलवटू नये म्हणून सामन्यापूर्वी हजारो लिटर पाणी त्यावर फवारतात.

मामा पुष्कळ वेळ गप्प होते. "आमी सात नंबरचा अर्ज भरतो, पाटकऱ्याच्या म्हागं फिरतो, तवा कुटं रातच्या दोनला पाळी येती," ते म्हणाले. "आन हितं जे उगवत न्हाई त्येला पानी." यानंतर ते हिशेब करू लागले, आणि तो मोठ्याने करू लागल्यामुळे आम्हां सर्वांस कळला: पन्नास गुंठे रान, एकरी चाळीस टन उतारा धरला तरी पन्नास टन ऊस, त्यातून तोडणी वजा, खत वजा, पाणीपट्टी वजा. हिशेब संपल्यावर ते थोडे थांबले. आता हा शेतकरी त्या खेळाविरुद्ध निकाल देणार, अशी सभेची अपेक्षा होती, कारण पेठेत हिशेब नेहमी कोणाच्या तरी विरुद्धच मांडले जातात.

"असूं द्या," मामा म्हणाले. "खेळूं द्या पोरींस्नी. ऊस लावून तरी कुटं काय उरतंया."

या विधानास ओट्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. म्हणून पुन्हा ध्यानचंदांपासून सुरुवात झाली, आणि बर्लिनचा सामना मध्यंतरास पोहोचण्यापूर्वी मामा भिंतीला टेकून झोपी गेले.

त्यांच्या गावी हॉकीची परंपरा कशी निर्माण झाली, हे मी त्यांना रात्री जेवताना विचारले होते. पण तो प्रश्न त्यांना नीटसा समजला नाही. "परंपरा कसली? मास्तरनं काटी दिली, पोरी पळाया लागल्या," एवढेच ते म्हणाले. मग थोडी अधिक माहिती हळूहळू बाहेर आली: सकाळी धारा काढून झाल्यावर मुली मातीच्या मैदानावर जातात, पावसाळ्यात चिखल झाला की पळतात फक्त, एखादी प्रबोधिनीत लागली की तिचे जुने बूट धाकटीला येतात, खंडेनवमीला विळा, खुरपे, कुऱ्हाड पूजेला मांडतात त्यांच्या रांगेत हल्ली हॉकीही ठेवतात, आणि तिला हळदकुंकू लावताना मुलगी ओरडते की मुठीला लावू नका, हात निसटतो. एखाद्या आजीला पेनल्टी कॉर्नर काय असतो ते ठाऊक नाही, पण नात पडद्यावर दिसली की घरातला पंखा बंद करून ती टीव्ही पाहते, कारण पंख्याच्या आवाजात नाव ऐकू येत नाही. या सगळ्यात मला एकही मत सापडले नाही. ज्या गावात मते नाहीत तेथे काय लिहावे, असा लेखकापुढे प्रश्न पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्वारगेटला पोहोचविण्यास निघालो. पिशवीत स्टार्टर आणि त्याच्या वेटोळे केलेल्या तारा, काखेत गाइडांचा गठ्ठा, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हॉकी अशा थाटात मामा पुढे व मी मागे चाललो होतो. आणि उत्सवाच्या दिवसांतील बंदोबस्त लक्षात घेता, खटके व तारा असलेली पेटी आणि झाकलेले दांडके घेऊन गर्दीतून ताडताड जाणारा फेटेवाला इसम कोणाच्या नजरेस पडू नये असे मुळीच नव्हते. एका चौकात शिपायाने आम्हांस थांबविले. आता मुद्देमाल, पंचनामा आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे आतले पान ही सर्व माझ्या डोळ्यांपुढे क्रमाने उभी राहिली, आणि पंच म्हणून कोणास बोलवावे लागेल याचाही मी विचार करू लागलो.

"काय हाय ह्यात?" शिपायाने विचारले.

"स्टार्टर. साडेसातचा."

"आन ह्ये?"

"नातीची हॉकी."

शिपायाने कागद सोडला, काठी बाहेर काढली, आणि मी आजवर पेठेत कोणालाही धरताना पाहिले नव्हते तशा रीतीने, डावा हात वर आणि उजवा खाली असा, ती धरून पाहिली. "कुटं खेळती?"

"हाफला."

"राइट का लेफ्ट?"

"पोरगी डावरी, पर राइटला खेळती."

"वजन बराबर घेतलंसा," शिपाई म्हणाला. तो कोरेगावकडचा निघाला. शाळेत असताना खेळत असे, आणि पुढे भरतीच्या तयारीत सुटले. मग पाऊस, कालव्याची पाळी, हुमणी, कारखान्याचे गाळप असे विषय एकामागून एक निघत गेले, रहदारी आपोआप चालू लागली, आणि मी गाइडांचा गठ्ठा सांभाळीत बाजूस उभा राहिलो. बोलण्यात एक फट दिसताच मी पुढे होऊन, ध्यानचंदांनी बर्लिनच्या अंतिम सामन्यात उत्तरार्धात बूट काढून ठेवले होते असे सांगतात, ही गोष्ट त्या दोघांच्या कानांवर घातली. शिपायाने माझ्याकडे वळून पाहिले.

"हे कोन?"

"आमचं जावाई," मामा म्हणाले.

"खेळत्यात?"

"न्हाई. पर त्यास्नी समदं म्हाईत हाय."

"पेठंतलं न्हवं?" शिपाई समजुतीने म्हणाला, काठी पुन्हा कागदात गुंडाळून त्याने मामांच्या हाती दिली, आणि यंदा कारखाना पहिली उचल किती देणार, ते विचारू लागला.